६४ टक्के नेमके कशाचे?

इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. इथले लोक ज्या निर्वासित सरकारला मत देतात, त्याचं मुख्यालय धरमशालेला. तिबेटचा लढा कोणत्या मार्गाने न्यायचा यावर सार्वमत घ्यायचं, असा विचार तिथे १९९० च्या दशकात झाला होता. आधी चाचपणी झाली. पर्याय चार: स्वातंत्र्य, मध्यममार्ग, स्वयंनिर्णय, सत्याग्रह.

१९९७ चा निकाल बरेचदा एका ओळीत उरकतात: ६४ टक्क्यांहून जास्त लोक मध्यममार्गाच्या बाजूने. ही ओळ तुमच्या प्रबंधात तशीच उचलू नका. एक तर हे टक्के आलेल्या मतांचे आहेत, सगळ्या तिबेटी लोकांचे नव्हेत. आणि खरी गोची पुढे आहे. त्या मतांचा आशय असा: सार्वमताची गरज नाही, मध्यममार्ग किंवा दलाई लामा वेळोवेळी घेतील तो निर्णय आम्हाला मान्य. एका आकड्यात तीन उत्तरं! धोरणाला पाठिंबा किती आणि माणसावर विश्वास किती, सांगा बरं?

गोव्याचा १९६७ चा जनमत कौल शेजारी ठेवून बघा. विलीनीकरणाला १,३८,१७०, केंद्रशासित राहायला १,७२,१९१. भांडायला जागा तिथेही आहे, पण मत कशावर पडलं यावर नाही.

२०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार सोडले. निर्वासित संसदेने फेरविचाराची विनंती केली होती, त्यांनी ती मानली नाही. मग सनदेत दुरुस्ती झाली, सार्वमत नाहीच. ‘ते ठरवतील ते मान्य’ यात हेही बसतं का? गोठणगावला मुलाखती घ्यायला जाल तेव्हा धोरणाचा प्रश्न वेगळा विचारा, दलाई लामांचा वेगळा.