रक्तात लिहिलेला ‘बंधू’

माल्टा हे भूमध्य समुद्रातील अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरांचे द्वीपराष्ट्र. ख्रिस्ती माणसाला ते ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकातून आधीच परिचित असते. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या संत पौलाचे गलबत ह्याच बेटाजवळ फुटले, त्यावरील २७६ जीव किनाऱ्याला लागले आणि पावसाने गारठलेल्या त्या परक्यांसाठी बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत तेथे जाण्याचा योग आला. आम्ही पुष्कळ पाहिले. गोझो बेटावरील जगन्तीयाची पाषाणमंदिरे पाहिली. ती इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी आहेत. रबात येथील संत पौलाची गुहा पाहिली. मोस्ता येथील घुमटाचे चर्चही पाहिले. तेथे ९ एप्रिल १९४२ रोजी घुमट भेदून आत पडलेला बॉम्ब फुटलाच नाही. पण खरे सांगावयाचे तर हे ‘पाहणे’ म्हणजे यादीतील नावांवर खुणा करणे होते. यादीतील एका चित्राने मात्र आम्हांस थांबवले. त्या चित्राविषयीच हा लेख आहे.

राजधानी व्हॅलेटा १५६६ साली वसवण्यात आली. आदल्याच वर्षी तुर्कांचा मोठा वेढा परतवून लावणाऱ्या संत योहानाच्या सरदारसंघाने ती वसवली. त्यांचे चर्च बाहेरून साधे, आतून सोन्याने मढलेले. पायाखाली सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या आहेत, तर छतावर मात्तिया प्रेतीने रंगवलेले संत योहानाचे जीवन आहे. प्रेती समर्थ चित्रकार खराच. परंतु त्याचा योहान मान उंचावून पाहावा लागतो. तो आपल्यापासून दूर, विजयी आणि सुरक्षित आहे. ह्याच चर्चमध्ये निकोलास कोतोनेर ह्या महासरदाराचे स्मारक आहे. त्याचा भार दोन गुलामांच्या संगमरवरी मूर्तींनी पेलला आहे. क्रूस मिरवणाऱ्या हातांनी माणसे विकत घेतली होती, हे सत्य त्या दगडाने लपवलेले नाही.

बाजूच्या प्रार्थनागृहात, वेदीच्या वर, काराव्हाज्जोने १६०८ साली रंगवलेले ‘संत योहान बाप्तिस्त्याचा शिरच्छेद’ हे सुमारे पाच मीटर रुंदीचे चित्र आहे. येथे योहान जमिनीवर पडला आहे. हात पाठीमागे बांधलेले. तलवारीचे काम अपुरे राहिले म्हणून मारेकरी कमरेमागची कट्यार काढतो आहे. तुरुंगाधिकारी तबकाकडे बोट दाखवतो आणि तरुणी ते तबक घेऊन वाकली आहे. केवळ एका म्हातारीने आपले डोके दोन्ही हातांनी धरले आहे. सारी माणसे डाव्या बाजूला. उजवीकडे ओसाड भिंत आणि गजांआडून डोकावणारे दोन कैदी. देवदूत नाही, उघडलेले आकाश नाही.

आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हळूच विचारले, “फादर, ह्याच्यापुढं प्रार्थना कशी करायची?”

प्रश्न योग्य होता. भक्तीसाठी रंगवलेल्या चित्रात आशेची एक तरी खूण असावी, ही अपेक्षा चुकीची नव्हे. ह्या चित्रात ती नाही आणि ही उणीव आम्ही नाकारीत नाही. पण हे चित्र वेदीसाठी काढलेले आहे. भूमीवर सांडलेल्या त्या रक्ताखाली मिस्साबलिदानाचा प्याला उंचावला जावा, अशी त्याची जागा आहे. चित्रात जे नाही ते वेदीवर आहे. तिकीट काढून आलेल्या आम्हां पर्यटकांना चित्र दिसते. वेदी बहुधा दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी आहे. १६०६ साली रोममध्ये काराव्हाज्जोच्या हातून एका माणसाची हत्या झाली होती. मृत्युदंड डोक्यावर घेऊन तो माल्टाला आला आणि जुलै १६०८ मध्ये त्याला सरदारसंघात प्रवेश मिळाला. ह्या चित्रावर त्याने स्वाक्षरी केली, तीही योहानाच्या गळ्यातून वाहिलेल्या रक्तात. त्याची स्वाक्षरी असलेले हे एकमेव चित्र. नावाआधीचे अक्षर ‘फ्रा’चे, म्हणजे ‘बंधू’चे, असे अभ्यासक मानतात. काही महिन्यांतच तो एका भांडणापायी कैदेत पडला आणि तेथून निसटला. १ डिसेंबर १६०८ रोजी, ह्याच प्रार्थनागृहात भरलेल्या सभेत, सडका अवयव म्हणून त्याला संघातून छाटून टाकण्यात आले. १६१० साली तो वारला.

बंधू गेला, ‘बंधू’ हा शब्द राहिला. ज्यांनी त्याला हाकलले त्यांनी चित्र मात्र उतरवले नाही. त्यांना त्याची कला हवी होती, तो नको होता, असे म्हणता येईल. आमच्या मते न्यायाची बाजूही विसरता कामा नये. प्रतिभा असली म्हणून रक्तपात माफ होत नाही. परंतु मारेकऱ्याचा हात कसा असतो हे ज्याला ठाऊक होते, त्याने स्वतःचे नाव मारणाऱ्याजवळ न लिहिता मरणाऱ्याच्या रक्तात लिहिले. ह्यात आम्हांस पश्चात्ताप वाचावासा वाटतो. त्याचा पुरावा नाही. तो केवळ आमचा कौल आहे.

आपल्याही धर्मग्रामात असा एखादा असतोच: तुरुंगात गेलेला, घरातून तोडलेला, ज्याचे नाव जेवणापूर्वीच्या प्रार्थनेतून वगळले गेले आहे. त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले, “गजांआडच्या त्या दोघांच्या शेजारी उभं राहून प्रार्थना करा.” ते बराच वेळ उभे राहिले. बस चुकू नये म्हणून मंडळींनी हाका मारल्या, तेव्हा डोळे पुसत बाहेर आले. त्यांच्या धाकट्या मुलाविषयी आम्हांस ठाऊक होते. आम्ही काही विचारले नाही.

वाचकांपैकी कोणी त्या बेटावर गेल्यास यादीतील चार ठिकाणे खुशाल गाळावीत आणि ह्या चित्रापुढे अर्धा तास थांबावे.