दुय्यम श्रेणीचे बास्केटबॉल संघ : शहर व क्रीडागृह यांच्या निवडीचे निकष

दुय्यम संघासाठी शहर निवडताना लोकसंख्येलाच प्रमाण मानण्याकडे कल असतो. अमेरिकेतील अनुभव त्यास दुजोरा देत नाही. २००१ साली एनबीएच्या विकास लीगने आग्नेयेकडील आठ शहरांत संघ उभारले. त्यांत हंट्सव्हिल व मोबील ही तेव्हाच्या सू फॉल्सहून मोठी होती. २००६ पर्यंत आठांपैकी एकही संघ मूळ गावी उरला नाही. दक्षिण डकोटात मात्र बड्या लीगचा एकही संघ नाही, आणि तेथील सू फॉल्स येथे स्कायफोर्स १९८९ पासून टिकून आहे. २०१३ मध्ये त्याने जुने प्रशस्त क्रीडागृह सोडून सुमारे सव्वातीन हजार आसनांचे सॅनफर्ड पेंटॅगॉन पत्करले. हा संकोच शहाणपणाचाच होय. याउलट २०१७ साली लेकर्सने आपला दुय्यम संघ एल सेगुंडोच्या सराव-केंद्रातील ७५० आसनांत आणला, तेव्हा प्रेक्षक हा निकषच गळून पडला. अशा संघाचे यश तिकीटविक्रीच्या तक्त्यात स्कायफोर्सशेजारी मांडणे सदोष ठरते.