दुसऱ्या जगातला मी

पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगावपाशी पूर्वेकडे वळले की काही वेळाने खोडद गावाच्या शिवारात प्रचंड पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. जुन्नर तालुक्यातील ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण पाहण्यासाठी आम्ही आमच्या धर्मग्रामातील मुलांना घेऊन गेलो होतो. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून आणि अनेक वर्षांच्या परिश्रमातून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या येथे आहेत. त्यांतील १४ मध्यभागी जवळजवळ असून उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर दूरदूर पसरल्या आहेत. तबकडी म्हटली तरी ती पत्र्याची नाही. बारीक तारांच्या जाळीची आहे. वारा तिच्यातून निघून जातो, परंतु मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते.

मार्गदर्शकांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. ह्या तीस तबकड्यांनी टिपलेले संकेत तंतुवाहिन्यांतून एके ठिकाणी आणले जातात आणि गणिताच्या साहाय्याने एकमेकांशी ताडून पाहिले जातात. त्यातून जे चित्र मिळते त्यातील बारकावा सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच तबकडीने दिला असता तसा असतो. एवढी तबकडी पृथ्वीवर कोठेही नाही; ती केवळ गणितात आहे. म्हणजे ती आभासीच म्हणायची! पण ह्या आभासी तबकडीने जे दिसते ते मात्र खरे असते. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण संकेत खोडदच्या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले, तेव्हा जगभरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली होती.

परतीच्या वाटेवर गाडीत वेगळाच विषय निघाला. मुले अनेक विश्वांच्या कोणत्या तरी इंग्रजी चित्रपटाविषयी बोलत होती. त्यात एकाच माणसाची अनेक रूपे अनेक जगांत असतात; एका जगात तो राजा, तर दुसऱ्यात भिकारी. तेवढ्यात आठवीतील एका मुलाने आम्हांला विचारले, ''सर, दुसऱ्या जगातल्या 'मी'ने अभ्यास केलेलाच असेल, तर मग ह्या 'मी'ने कशाला करायचा?'' सगळे हसले. आम्हीही हसलो. पण उत्तर मात्र आम्हांला लगेच सुचले नाही. ह्या प्रकारच्या चित्रपटांचे मूल्यमापन करण्यासाठी त्या मुलाच्या प्रश्नाहून चांगली कसोटी आम्हांला अद्याप सापडलेली नाही. प्रत्येक निवड कोठे ना कोठे झालेलीच असेल, तर माणसाच्या निवडीला किंमत ती काय उरली?

हा प्रश्न चित्रपटवाल्यांनी हवेतून आणलेला नाही. ह्यू एव्हरेट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली असा विचार मांडला की, अणुरेणूंच्या पातळीवर जेव्हा अनेक शक्यता असतात तेव्हा त्यांपैकी एकच खरी ठरते असे नव्हे. सर्वच खऱ्या ठरतात, मात्र वेगवेगळ्या शाखांत. ह्या विचाराविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फेरफटका मारून येण्याची सोय एव्हरेटने ठेवलेली नव्हती. ती सोय चित्रपटाने केली. म्हणून तिची जबाबदारीही चित्रपटावरच येते.

मराठी वाचकाला मात्र अनेक जगांची ही कल्पना चित्रपटाच्या आधीपासून परिचित आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' ह्या १९७९ सालच्या संग्रहातील 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका ट्रकशी झालेल्या अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा विजय झालेला आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून गेली, एवढाच काय तो फरक. बखरीचे एक पान गंगाधरपंतांच्या खिशात राहते, आणि आपल्या जगात परतल्यावर तेवढाच पुरावा त्यांच्यापाशी उरतो. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांनी आपल्या मागे ठेवलेल्या मराठी कथांत ही कथा आम्हांला सर्वांत चित्रमय वाटते. एखाद्या मराठी दिग्दर्शकाने तिच्यावर मोठा चित्रपट करावा, असे आम्हांला फार वाटते.

तथापि तो करताना एका प्रसंगापाशी दिग्दर्शकाने थांबावे, अशी आमची सूचना आहे. त्या विजयी जगातील मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाची चौकशी करावयास त्याच्या कचेरीत जातात. त्या नावाचा कोणी मनुष्य तेथे नाही, असे त्यांना सांगण्यात येते. कथाकार येथून झटकन पुढे जातात, कारण त्यांना इतिहासाचे ग्रंथ पाहावयाचे असतात. पण वाचक म्हणून आम्ही येथे अडखळतो. पानिपत जिंकले, आणि मुलगा नाही! हा सौदा गंगाधरपंतांनी पत्करला असता काय? पराभव पुसून टाकताना त्या पराभवानंतरच्या अडीचशे वर्षांत जन्मलेली माणसेही पुसली जातात. कथेतील विज्ञान काटेकोर आहे, सभाध्यक्षांवरील विनोद तर अस्सल मराठी आहे; परंतु तिचे खरे दुःख त्या कचेरीच्या दारात उभे आहे आणि कथाकाराने त्याला आत बोलावलेले नाही.

नेमके हेच दुःख एका जुन्या चित्रपटाने ओळखले होते. फ्रँक काप्रा ह्यांचा १९४६ सालचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' आमच्या अनेक वाचकांनी नाताळात पाहिला असेल. जगण्याला विटलेल्या जॉर्ज बेलीला एक देवदूत असे गाव दाखवतो, जेथे जॉर्ज कधी जन्मलाच नव्हता. लहानपणी बर्फातून पडलेल्या धाकट्या भावाला वाचवायला तेथे कोणी नव्हते. म्हणून तो भाऊ गेला, आणि पुढे युद्धात त्या भावाने ज्यांना वाचवले असते ते सैनिकही गेले. ह्या चित्रपटात यंत्रे नाहीत आणि समीकरणेही नाहीत. त्याला विज्ञानपट कोणी म्हणणार नाही. परंतु दुसरे जग कशासाठी दाखवावयाचे हे त्याला पक्के ठाऊक आहे. पहिल्या जगातील एका सामान्य माणसाचे वजन किती, ते कळावे म्हणून.

पोलंडचे क्रिश्तोफ किश्लोव्हस्की ह्यांनी 'ब्लाइंड चान्स' मध्ये ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९८१ साली पूर्ण झालेला हा चित्रपट तेथील राजवटीने १९८७ पर्यंत अडवून ठेवला. विटेक नावाचा तरुण सुटत्या गाडीमागे धावतो. गाडी मिळाली, तर तो सत्ताधारी पक्षात जातो. फलाटावर अडवला गेला, तर सरकारविरोधकांत जाऊन मिळतो. नुसतीच चुकली, तर डॉक्टर होऊन संसारात रमतो. काही क्षणांच्या अंतराने एकाच तरुणाची तीन आयुष्ये होतात. मात्र तिन्ही आयुष्यांत विटेकच्या स्वभावातील भलेपणा तोच आहे. परिस्थिती आपण निवडत नाही, पण तिच्यात कसे वागावे हे निवडतो, असे दिग्दर्शकाला सुचवावयाचे असावे. हा भेद दाखवल्याने चित्रपट नियतीवादाच्या खड्ड्यात पडत नाही.

आता आभासी जगाकडे वळू. १९९९ सालच्या 'द मेट्रिक्स' ने हा विषय घरोघरी नेला. यंत्रांनी माणसांना कुप्यांत निजवून ठेवले आहे आणि त्यांच्या मेंदूत एक संपूर्ण खोटे जग भरले आहे. नायक नियो जागा होतो, लढतो. त्याच्या मारामाऱ्यांचेच कौतुक सर्वांनी केले. आम्हांला मात्र त्यातील सायफर हा विश्वासघातकी अधिक विचार करण्याजोगा वाटतो. समोरचा मांसाचा तुकडा खरा नाही हे त्याला माहीत आहे, तरी तो चवीने खातो. आपल्याला पुन्हा त्याच भ्रमात निजवावे आणि खरे काय ते आठवूही नये, एवढ्यासाठी तो सोबत्यांना शत्रूच्या हाती देतो. भ्रमाची खरी किंमत येथे कळते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी प्राणांनी चुकवावी लागते. पुढे चित्रपट बंदुकांच्या गर्दीत हा धागा सोडून देतो, ह्याची खंत वाटते.

मराठीत सुजय डहाके ह्यांनी २०१६ साली 'फुंतरू' मध्ये ह्या वाटेवर धाडसाने पाय ठेवला. अभियांत्रिकी शिकणारा एक तरुण आपल्याला आवडणाऱ्या मुलीची आभासी प्रतिकृती घडवतो. मराठी पडद्याला हा विषय नवा होता आणि त्याबद्दल दिग्दर्शकाचे अभिनंदन केले पाहिजे. तेथे उभा राहणारा प्रश्न आमच्या घरांतील तरुण मुलांसाठी कळीचा आहे. प्रेमात समोरच्या व्यक्तीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक असते. आपणच घडवलेल्या प्रतिकृतीपाशी आपण जातो ते बहुधा ही मोकळीक सोसत नाही म्हणूनच.

येथे खोडदची आठवण होते. तेथील तबकडीही आभासी आणि सायफरचे जेवणही आभासी. मग फरक कोठे? खोडदला माणूस आभासाचा उपयोग स्वतःबाहेरचे काही ऐकण्यासाठी करतो. आलेला संकेत त्याच्या मनाजोगा नसला तरी त्याला तो स्वीकारावा लागतो. सायफरचा आभास त्याला हवे तेवढेच ऐकवतो. म्हणून आभासी जगाचा चित्रपट पाहताना आम्ही एकच विचारतो, ह्या आभासाने पात्राला आपल्याबाहेरच्या कोणाचा आवाज ऐकू आला काय?

ह्या कसोटीला अलीकडचा 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' हा २०२२ सालचा चित्रपट चांगलाच उतरतो. २०२३ साली त्याला उत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. अमेरिकेत कपडे धुण्याचे दुकान चालवणारी, करखात्याच्या नोटिशीने गांजलेली एव्हलिन ही चिनी गृहिणी अनेक विश्वांतून फिरते. एका विश्वात ती प्रसिद्ध नटी आहे. तिच्या मुलीने तर सर्वच विश्वे पाहिली आहेत, आणि म्हणून तिला कशातच काही अर्थ वाटेनासा झाला आहे. आमच्या गाडीतील मुलाचा प्रश्न ह्या मुलीने शेवटच्या टोकाला नेला आहे, असे म्हणता येईल. चित्रपटात गोंगाट फार आहे, काही विनोद तर कुटुंबासह पाहताना संकोचच वाटावा असे आहेत. परंतु शेवटी एव्हलिन सर्व विश्वे पाहून आपल्या त्याच दुकानात, त्याच नवऱ्यापाशी आणि रुसलेल्या त्याच मुलीपाशी राहणे निवडते. नटीचे वैभव तिला दिसलेले आहे. ते सोडूनच ती राहते. म्हणून त्या राहण्याला किंमत आहे.

आमची गाडी तोवर मंचरच्या जवळ आली होती. हा आंबेगाव तालुका. ह्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे बाबू गेनू ह्यांचे गाव. मुंबईच्या गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. तो हटला नाही, आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव त्याच पाण्याखाली गेले आहे.

गंगाधरपंतही ट्रकखालीच सापडले, पण त्यांना दुसरे जग मिळाले. बाबू गेनूला ते मिळाले नाही, आणि त्याने मागितलेही नाही. दुसऱ्या कोठल्या जगात दुसरा बाबू गेनू वेळीच बाजूला झाला असेल, असे कोणी आम्हांला सिद्ध करून दाखवले, तरी त्या दुसऱ्याच्या बाजूला होण्याने ह्याचे न हटणे पुसले जात नाही. ते ज्याने केले त्याचेच राहते. बुडालेल्या गावातून उठून गेलेल्यांनीही घरे पुन्हा उभारली ती ह्याच जगात.

आम्ही त्या मुलाला जवळ बोलावले आणि रस्त्याच्या कडेच्या पाटीकडे बोट दाखवून त्याला बाबू गेनूची हकिकत सांगितली. तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''म्हणजे सर, त्या दुसऱ्या 'मी'ने अभ्यास केला तर मार्क त्यालाच मिळणार!''

आमच्या ह्या लांबलचक लेखापेक्षा त्याने ते थोडक्यात सांगितले, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. वाचकांनी आपल्या मुलांसह असा एखादा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र दिवे लागल्यावर लगेच उठू नये. आपण पाहिलेल्या दुसऱ्या जगाने आपल्या ह्या जगातील कोणाकडे पुन्हा पाहावयास लावले, एवढे एकमेकांना विचारावे.