ओस गोद्या आणि आराखड्याची भाषा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत, धक्के, वखारी व रेल्वेचे रूळ यांनीं व्यापिलेली जी लांब पट्टी आहे, तिच्या जागीं नवी वसाहत उभारावी असा विचार गेलीं कांहीं वर्षें चालू आहे. केंद्र सरकारनें २०१४ सालीं राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमिली. पुढें २०१८ सालीं पोर्ट ट्रस्टनें आराखड्याचा मसुदा लोकांपुढें ठेविला. या विषयाची चर्चा स्थापत्यशास्त्रज्ञांनीं करावी, वाङ्मयाच्या मासिकानें त्यांत कां पडावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, आराखडा हाहि एक गद्यप्रबंधच असतो. कादंबरींतील एखादा शब्द चुकला तर रसिकाचा विरस होतो. आराखड्यांतील शब्द चुकला तर माणसाचें घर जातें. तेव्हां या गद्याची परीक्षा अधिक कसोशीनें झाली पाहिजे.

परभणीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतील वाचकास हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. १९०० च्या सुमारास हैदराबादेहून निघालेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग मनमाडास मिळाला आणि निजामी राज्यांतील या कापूसपट्ट्यास मुंबईची वाट मोकळी झाली. आमच्याकडील मार्ग मीटरगेज, मुंबईचा ब्रॉडगेज. म्हणून मनमाडास गासड्या एका डब्यांतून दुसऱ्यांत चढवाव्या लागत. पुढें त्यांतून गिरण्यांचीं चातीं फिरत, किंवा त्या गोदींतून परदेशीं जात. शिवडीनजीक पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर वसलेल्या कापसाच्या वखारींमुळें तेथील स्टेशनास आजहि कॉटन ग्रीन म्हणतात. त्या नांवांत आमच्या काळ्या जमिनीचाहि कांहीं अंश आहे.

पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. १८८० सालीं प्रिन्सेस, १८८८ सालीं व्हिक्टोरिया व १९१४ सालीं अलेक्झांड्रा या गोद्या उघडल्या. शेवटच्या गोदीच्या खोदकामांतून निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेट उठविण्यांत आली. म्हणजे पाण्याकांठीं नवी वसाहत रचण्याची कल्पना मुंबईस नवी नव्हे. याच व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं, दारूगोळा व कापूस एकाच पोटांत घेऊन उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. शेंकडों माणसें मेलीं. आग विझविण्यास गेलेले ६६ जवान त्यांत होते. पुढें कंटेनरचें युग आलें. ज्या मालास माथाड्यांच्या टोळ्या लागत, तो एक यारी उचलूं लागली. आणि १९८९ सालीं समोरच्या तीरावर न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें. जुन्या वखारी हळूहळू ओस पडल्या. तथापि बंदर मेलें असें मात्र नाहीं. कच्चें तेल अद्याप येथेंच उतरतें, आणि अलेक्झांड्रा गोदी इंदिरा गोदी या नांवानें चालू आहे.

या आराखड्याचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. शंभराहून अधिक वर्षें बंदराच्या भिंतींनीं माझगांव-शिवडीकडील रहिवाशांस समुद्रापासून तोडून ठेविलें आहे. ज्या शहरांत मुलांस खेळण्यास अंगण नाहीं, तेथें किनाऱ्यालगत पायवाट, उद्यानें व जलवाहतुकीचीं स्थानकें यांचें चित्र कोणासहि मोहवील. नवी वस्ती नकोच, असें म्हणणाऱ्यांशीं आमचें मत जुळत नाहीं.

दोष आहे तो भाषेंत. अशा आराखड्यांचें गद्य बहुधा कर्मणि प्रयोगांत चालतें. विकास करण्यांत येईल, मार्ग काढण्यांत येईल, स्थलांतर करण्यांत येईल. यांत कर्ता दिसत नाहीं, आणि ज्याचें स्थलांतर व्हावयाचें तोहि दिसत नाहीं. ससून गोदीवर पहांटे मासळीचा लिलाव करणाऱ्या कोळिणी, दारूखान्यांत जुनीं जहाजें व भंगार फोडणारे मजूर, भाऊच्या धक्क्यावरील खलाशी, बंदराच्या जमिनीवर दोन-तीन पिढ्या झोपड्यांतून राहिलेलीं कुटुंबें, हीं सर्व त्या भाषेंत ‘अतिक्रमण’ किंवा ‘सध्यांचा वापर’ होऊन जातात. सुमारें अठराशें एकरांच्या या मुलखास ‘पडीक’ म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु जेथें माणसें राबतात ती जमीन पडीक कशी?

हा शब्दच्छल नव्हे, याचा पुरावा गोद्यांच्या शेजारींच गिरणगांवांत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियमावलींत असें ठरलें कीं, गिरणीच्या जमिनीचा नवा उपयोग करावयाचा झाल्यास एकतृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागेकरितां, एकतृतीयांश म्हाडास घरांकरितां द्यावा व उरलेला मालकानें ठेवावा. २००१ सालीं दुरुस्ती झाली. हे तीन वांटे सगळ्या जमिनीचे नव्हेत, तर ज्या भागावर बांधकाम नाहीं त्या मोकळ्या भागाचेच करावयाचे, असें ठरलें. गिरणीच्या आवारांत बांधकामच अधिक. त्यामुळें लोकांचा वांटा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ही दुरुस्ती वैध ठरविली. ‘मोकळी’ या एका विशेषणानें शहराचीं उद्यानें व कामगारांचीं घरें गिळिलीं.

परदेशांतील अनुभव दोहों प्रकारचे आहेत. लंडनच्या गोद्या ओस पडल्यावर तेथील सरकारनें १९८१ सालीं एक स्वतंत्र महामंडळ नेमून नियोजनाचा अधिकार स्थानिक संस्थांकडून त्याजकडे दिला. कॅनरी वॉर्फचे मनोरे उभे राहिले. पण ते बांधणाऱ्या कंपनीचें १९९२ सालीं दिवाळें वाजलें, आणि गोदीकामगारांच्या कुटुंबांस त्या वैभवांत आपलें कांहीं दिसेना. हाम्बुर्गनें सुमारें १५७ हेक्टरांची हाफेनसिटी रचतांना निराळा मार्ग धरिला. तेथील बहुतेक जमीन नगराच्याच मालकीची होती, आणि ती देतांना केवळ चढी बोली न पाहतां बांधणाराची योजना कशी आहे हेंहि पाहिलें गेलें. मुंबईच्या गोद्यांची जमीनहि सार्वजनिक संस्थेच्या हातांत आहे. गिरणगांवांत जी सोय नव्हती ती येथें आहे, हें विसरतां कामा नये.

‘मिश्र उपयोग’ हा आराखड्यांचा आवडता शब्द. आमच्या जिल्ह्यांत गंगाखेडास, संत जनाबाईंच्या जन्मगांवीं, गोदावरीचा घाट आहे. तेथें कोणी स्नान करितो, कोणी धुणें धुतो, कोणी पितरांस पिंड देतो, कोणी फुलें विकतो. आणि यांपैकीं एकासहि दुसऱ्यासाठीं उठविलें जात नाहीं. आमच्या मतें मिश्र उपयोगाचा खरा अर्थ हाच. वर कचेऱ्या, खालीं उपाहारगृहें व मागें श्रीमंतांचीं घरें एवढ्यानें तो पुरा होत नाहीं.

म्हणून या गद्याच्या कर्त्यांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिल्या प्रकरणांत तेथें आज राहणाऱ्यांची व तेथील धंद्यांची गणना यावी. लोकांच्या वांट्याचें माप मोकळ्या जमिनीवर नव्हे, तर सबंध जमिनीवर ठरावें. आणि ‘स्थलांतर’ हा शब्द जेथें येईल तेथें कोणाचें, कोठें व केव्हां, हें त्याच वाक्यांत लिहिलें जावें. एवढें झालें तर तें गद्य रूक्ष असूनहि वाचनीय होईल, कारण तें खरें असेल.