अर्थाचा रकाना : रोमन देवकथांतील नावांविषयी

मुलामुलींच्या नावांच्या पुस्तकात उजवीकडे एक अरुंद रकाना असतो. त्याच्या डोक्यावर 'अर्थ' असे छापलेले असते. डायना म्हणजे चंद्रदेवता, सिल्व्हिया म्हणजे अरण्यातली, ज्यूलिया म्हणजे तरुण, कॅमिला म्हणजे पूजेत साहाय्य करणारी. एका नावाला एक शब्द, फार तर दोन. गेली काही वर्षे मी रोमन देवकथांतून आलेल्या नावांपुरता हा रकाना तपासतो आहे. लॅटिन मी कुठे रीतसर शिकलेलो नाही. डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी भाषांतर अशा आवृत्त्या आणि एक जाडजूड कोश एवढ्यावर माझे काम चालते. तरीही एवढे म्हणण्याचे धाडस करतो, की हा रकाना बहुतेक ठिकाणी चुकीचा नसतो. तो नको तेच सांगत असतो.

मुळात रोमन लोक आपल्या मुलींची नावे डायना किंवा मिनर्व्हा अशी ठेवत नसत. मुलीला कुळाचे नाव मिळे. तुल्लियस कुळातली ती तुल्लिया, कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया. ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणी ज्यूलिया, आत्या ज्यूलिया आणि मुलगीही ज्यूलियाच. ही आत्या वारली तेव्हा, इ.स.पू. 69 मध्ये, तिच्या अंत्यविधीच्या भाषणात सीझरने सांगितले, की आमचे कूळ व्हीनस देवीपासून चालत आले आहे. व्हीनसचा मुलगा एनिअस, त्याचा मुलगा यूलस आणि त्याच्यापासून ज्युलियस घराणे, अशी ती वंशावळ. राजकारणात वर चढू पाहणाऱ्या माणसाला आजी म्हणून देवी मिळाली तर हवीच असते. म्हणजे वरवर अगदी घरगुती वाटणारे ज्यूलिया हे नावच खरे देवकथेतले. रकान्यात मात्र 'तरुण'.

देवाचे नाव जसेच्या तसे धारण करणारी माणसे रोममध्ये होती, पण त्यांत गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम यांचा भरणा मोठा होता. हर्मीस, एरॉस ही ग्रीक देवांची नावे रोमच्या शिलालेखांत अशा माणसांची म्हणून वारंवार भेटतात. पुष्कळदा ती मालकाने ठेवलेली असत. मुलाला हाक मारण्याच्या निमित्ताने नारायणाचे नाव ओठी आले आणि अजामेळ तरला, ही गोष्ट ऐकत आपण वाढलो. त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला. स्वतंत्र रोमन पुरुषांकडे देवाच्या नावापासून साधलेली नावे असत: मार्सपासून मार्कस आणि मार्शिआलिस, सॅटर्नपासून सॅटर्निनस.

आता व्युत्पत्ती. या नावांचा उगम खुद्द रोमन लोकांनाच नीटसा ठाऊक नव्हता. सिसेरोने इ.स.पू. 45 च्या सुमारास देवांच्या स्वरूपावर एक संवाद लिहिला. त्यातला बाल्बस सांगतो, की डायना रात्रीचा जणू दिवस करते, म्हणून ती दिवसवाचक शब्दावरून डायना. व्हीनस सर्वांकडे येते, म्हणून 'येणे' या क्रियापदावरून व्हीनस. यास्काचे निरुक्त चाळलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. अग्नी यज्ञात पुढे नेला जातो म्हणून तो 'अग्रणी', असे यास्क सांगतो, आणि एवढ्यावर न थांबता आणखी व्युत्पत्त्या देतो. सिसेरोच्या संवादात मात्र कोट्टा नावाचा खट्याळ प्रतिपक्षी आहे. नेपच्यूनचे नाव 'पोहणे' या क्रियापदावरून लावलेले पाहून तो बाल्बसला म्हणतो, की इथे नेपच्यूनपेक्षा तूच जास्त पोहतो आहेस. व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्या प्रत्येकाने (मी धरून) हा टोमणा लक्षात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकात तौलनिक भाषाशास्त्राने यातले बरेचसे सरळ केले. ज्युपिटर म्हणजे 'द्यौष्पितर्'. डायना त्याच 'दिव्' घराण्यातली; बाल्बसचा नेम निदान इथे जवळपास लागला होता. व्हीनसचा संबंध इच्छावाचक 'वनस्'शी, 'येण्या'शी नव्हे. आणि ऑरोरा म्हणजे आपली उषस्. हे प्रथम वाचले तेव्हा मी हुरळून गेलो होतो. एका वाचनालयातल्या व्याख्यानात मी ठणकावून सांगितले, की युरोपातली ऑरोरा आणि आपल्या आळीतली उषा एकच. श्रोत्यांतले एक निवृत्त शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, "मग रोमन लोकांची उषासूक्ते कुठे आहेत?"

उत्तर नव्हते. घरी येऊन शोधले तेव्हा कळले, की रोममध्ये ऑरोराची म्हणावी अशी पूजाच नव्हती. म्हाताऱ्या टिथोनसच्या शेजेवरून ती पहाटे उठते ही तिची कथा ग्रीकांच्या इऑसची, उसनी आणलेली. रोमन स्त्रिया 11 जूनला जिचा सण पाळत ती पहाटेची देवी वेगळी, मातेर मातूता. उषेशी तुलना करायची तर अभ्यासक हिच्याशी करतात. म्हणजे शब्द सख्खा निघाला आणि देवता निराळी. नाते शब्दाचे आहे, एवढेच मला म्हणता आले असते. टाळ्यांच्या मोहात मी जास्त बोललो.

'अरण्यातली' सिल्व्हिया तर या रकान्याने पुरती झाकून टाकली आहे. लॅटिनमध्ये 'सिल्वा' म्हणजे अरण्य, हे खरेच. पण कथेतली रिआ सिल्व्हिया कोण? काकाने गादी बळकावली आणि हिला मूल होऊ नये म्हणून हिला व्हेस्टा देवीची व्रतस्थ पुजारीण केले. तिच्यावर बळजबरी झाली, जुळे झाले. तिने बाप म्हणून मार्सचे नाव सांगितले. इतिहासकार लिव्ही इथे अडखळतो: तिला खरेच तसे वाटले असेल, किंवा अपराधी देव असणे अधिक प्रतिष्ठेचे म्हणून तिने तसे सांगितले असेल, असे तो नोंदवतो. तिला बेड्या पडल्या, मुले टायबरमध्ये सोडली गेली. रोम्युलस आणि रीमस ते हेच. शहराच्या स्थापनेत आईचे पुढे काय झाले, हे विचारायला फारसे कोणी थांबले नाही.

तरी नाव टिकले, ते बरेचसे दुसऱ्याच एका बाईच्या आधाराने. पोप ग्रेगरी द ग्रेट याच्या आईचे नाव सिल्व्हिया, आणि ती संत मानली गेली. ट्रेंटच्या परिषदेनंतर 1566 मध्ये निघालेल्या धर्मशिक्षेच्या ग्रंथात, बाप्तिस्म्याला संताचे नाव द्यावे, मूर्तिपूजकांची नावे शोधत बसू नये, असे बजावले आहे. पण सिल्व्हिया, मार्टिन ही नावे तोवर संतांची झाली होती. मार्टिन म्हणजे 'मार्सचा', युद्धदेवाचा; आणि लोकांना आठवतो तो आमियाँच्या वेशीपाशी आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा सैनिक. वसईत किंवा गोव्यात एखाद्या मार्टिनला युद्धदेव सांगून पाहा. तो आजोबांचे नाव सांगेल, फार तर संताचे.

आता कॅमिला. व्हर्जिलच्या 'एनिड'च्या अकराव्या सर्गात तिची कथा येते. राज्यातून हाकललेला मेटाबस तान्ह्या मुलीला घेऊन पळतो आहे. मागे शत्रू, पुढे दुथडी भरलेली नदी. तो मुलीला भाल्याला बांधतो, डायनेला वाहतो आणि भाला पलीकडे फेकतो. मग पोहून पैलतीर गाठतो आणि गवतात रुतलेला भाला मुलीसकट उपटून घेतो. पुढे ती मोठी योद्धी होते आणि रणात पडते. धर्मविधीत हाताखाली असणाऱ्या मुलामुलींना लॅटिनमध्ये 'कामिल्लुस', 'कामिल्ला' म्हणत, म्हणून रकान्यातला अर्थ निराधार नाही. पण व्हर्जिलने तिच्या नावाचे कारण स्वतःच दिले आहे, आणि ते पूजेचे नाही. तिच्या आईचे नाव कास्मिल्ला होते. बापाने त्यातला एक वर्ण गाळला आणि ते मुलीला ठेवले.