नायकाचा पिता

एका जपानी व्हिडिओ खेळाचे परीक्षण या पृष्ठांत पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, निवाडा लेखाच्या शेवटी करावा. हळबे यांच्या 'मुक्तामाले'पासून (१८६१) मराठी वाचकाने अद्भुतरम्य कथेवर प्रेम केले आहे. त्याच कथेचा हा एक नवा अवतार आहे. फरक इतकाच की तो वाचावयाचा नसून खेळावयाचा आहे.

'ड्रॅगन क्वेस्ट' ही जपानमधील अत्यंत लोकप्रिय खेळमाला. कथा युजी होरी यांची, पात्रांची चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. यांपैकी सुगियामा २०२१ मध्ये व तोरियामा २०२४ मध्ये निवर्तले. मालेतील पहिला खेळ १९८६ चा. आमचा विषय आहे तो पाचवा. सप्टेंबर १९९२ मध्ये तो सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी निघाला. इंग्रजीत येण्यास त्याला २००९ साल उजाडले आणि २०१५ मध्ये तो इंग्रजीतच मोबाइलवर आल्यामुळे आमच्यासारख्या कारकुनाच्याही हाती पडला.

या जातीच्या खेळांचा एक ठरीव साचा आहे. खेळणाऱ्याने एका वीराला गावोगाव फिरवावे, राक्षसांशी लढवावे, प्रत्येक लढाईतून त्याचे बळ वाढवावे आणि अखेरीस दुष्टांच्या अधिपतीचा नाश करावा. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एकच सुखद कल्पना असते: जगाची सुटका ज्याच्या हातून व्हावयाची तो निवडलेला वीर म्हणजे आपणच. पाचव्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने हीच कल्पना काढून घेतली, आणि त्याची थोरवी यातच आहे, असे आमचे मत आहे.

कथेचा आरंभ होतो तेव्हा आपण सहा वर्षांचे पोर असतो. पापास हा आपला पिता (इंग्रजी आवृत्तीत त्याचे नाव पँक्राझ) आपल्याला घेऊन भटकत असतो. वाटेत राक्षस आडवे येतात. आपला फटका जेमतेम खरचटण्याइतका. पित्याच्या तलवारीचा एक वार मात्र पुरतो. लढाई संपली की तो न सांगता मंत्र म्हणून आपल्या जखमा भरून काढतो. त्याला आज्ञा करण्याची सोय खेळात नाही आणि तशी गरजही पडत नाही. पित्याच्या सावलीत असणे म्हणजे काय, यावर कथाकाराने एक वाक्यही खर्च केलेले नाही. लढाईतील आकड्यांच्या हिशेबातून ते आपोआप कळते. एके ठिकाणी बियांका ही आठ वर्षांची मुलगी मोठ्या ऐटीत आपल्याला पुस्तक वाचून दाखवू लागते आणि अक्षरे अवघड निघाल्यामुळे थांबते. बाल्याचे इतके साधे चित्र या खेळांत क्वचितच आढळेल.

पुढे शत्रू मुलाच्या गळ्याला शस्त्र लावतो आणि पापास प्रतिकार सोडून देतो. आजवर जो कधी हरला नाही तो एकामागून एक घाव सोसत राहतो; आपल्या बोटांखालच्या कळा मुक्या होतात. मुलाच्या वाट्याला दहा वर्षांची गुलामगिरी येते. सुटून तो गावी परततो तो गाव उजाड झालेले असते. जवळच्या गुहेत पित्याचे पत्र मिळते व त्यासोबत पुराणप्रसिद्ध वीराची तलवार. ती आपल्या हाती येते, पण चालविता येत नाही. तो वीर पापासही नव्हता आणि आपणही नाही. मग तो कोण, याचे उत्तर मिळण्यास विवाह व्हावा लागतो, जुळी मुले व्हावी लागतात. त्यानंतर वधूचे हरण होते आणि तिला सोडवावयास गेलेला नायक पत्नीसह शिळा होऊन पडतो. त्याची मूर्ती लिलावात विकली जाते आणि कुणा गृहस्थाच्या अंगणात आठ वर्षे उभी राहते. ऋतू पालटतात, त्या घरातले मूल रांगू लागते, चालू लागते. आपण पाहत राहण्यापलीकडे काही करू शकत नाही. अखेरीस एक मुलगा व एक मुलगी मंत्राची काठी घेऊन येतात. ती आपलीच मुले. तलवार पेलते ती त्या मुलाला.

न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाला 'सविकल्प समाधी' म्हटले: स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे. या खेळाचा नायक 'होय' व 'नाही' यांखेरीज काही बोलत नाही. त्या मौनात आपण शिरतो, आणि जे शिरते ते आपले स्वतःचे असते. आमची कन्या शिक्षणासाठी साताऱ्यास आजीजवळ राहते. गेल्या रजेत घरी गेलो तेव्हा ती चष्मा लावून दारात उभी होती. चष्मा लागून सात महिने झाले होते; आम्हांस उगीच काळजी नको म्हणून कुणी कळविले नव्हते. त्या अंगणातल्या मूर्तीपाशी आम्हांस तो चष्मा आठवला. बदलीच्या गावी राहणाऱ्या वाचकास याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. पावलोपावली होणाऱ्या लढाया कंटाळा आणतात. स्त्रियांची बाजू तर लंगडीच राहिली आहे. वधू निवडण्याचा प्रसंग गाजला. २००८ च्या आवृत्तीत दोन वधूंच्या तीन झाल्या. परंतु कुणालाही वरले तरी तिने पुढे शिळा व्हावे व पतीहूनही उशिरा सुटावे, हे ठरलेलेच. नायकाची आईही जवळजवळ अखेरपर्यंत बंदिवासातच. ज्या कथाकाराने पितृत्वाचा एवढा खोल विचार केला, त्याला मातृत्वासाठी कैदेपलीकडे काही सुचू नये, ही उणीव लहान नव्हे.

तरीही एक प्रसंग या दोषांना पुरून उरतो. बालपणी गावात एक अनोळखी तरुण आपल्याजवळचा सोनेरी गोल पाहावयास मागतो आणि परत देतो. आपण तो प्रसंग विसरून जातो. पुष्कळ पुढे एका चित्रातून भूतकाळात शिरण्याची संधी मिळते. गोल हवा असतो म्हणून त्याच गावात, त्याच मुलापुढे आपण उभे राहतो आणि नकली गोल त्याच्या हाती ठेवून खरा घेतो. तो तरुण आपणच होतो. घरात पिता जिवंत आहे. त्याच्याशी बोलताही येते. परंतु जे घडावयाचे ते टळत नाही. तिथून पाऊल काढण्याची घाई खेळ करीत नाही, म्हणून आम्ही बराच वेळ त्या घरात विनाकारण फिरत राहिलो.

आमच्या कन्येने हल्ली तोच खेळ आरंभिला आहे. ती तलवारीपर्यंत पोचली असून रविवारी फोनवर तक्रार करते की, तलवार हाती धरता येत नाही. ती कुणाची, हे आम्ही तिला अजून सांगितलेले नाही.