अंश दिसतो, छेद कुठाय?

रामचंद्र गुहांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) पुन्हा वाचायला घेतलं ते एका मोटार शर्यतीमुळे. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, अमेरिका. नॅसकारच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर पहिला आला, पण विजेता म्हणून जाहीर झाला बक बेकर. काही तासांनी आयोजकांनी फेऱ्या मोजताना चूक झाल्याचं मान्य केलं. स्कॉट १९९० मध्ये गेला. नॅसकारकडून त्याची ट्रॉफी घरच्यांना मिळाली २०२१ मध्ये! त्याच वर्षी बबा वॉलेस जिंकला, या स्पर्धेतला फक्त दुसरा कृष्णवर्णीय विजेता.

आमच्या तळेगाव-चाकणकडचे गाड्यांचे वेडे मित्र ही गोष्ट ‘टॅलेंट लपत नाही’ अशा थाटात सांगतात. पुण्याच्या पालवणकर बाळूंचीही तशीच सांगतात. गुहा तशी सांगत नाहीत, म्हणून पुस्तक मोलाचं.

चांभार कुटुंबातले बाळू १८९० च्या दशकात पूना जिमखान्यात महिना चार रुपयांवर होते. खेळपट्टी सारखी करायची, जाळी लावायची आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायची. बॅट मात्र हातात जवळजवळ कधीच नाही. पुढे युरोपियनांना हरवायचं म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतलं. चहा तरी बाहेरच, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी चौरंगी सामन्यांत हिंदूंचं कर्णधारपद दिलं नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळलं, तेव्हा धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल निषेध म्हणून बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

म्हणजे गुहा ‘संघात घेतलं का?’ एवढ्यावर थांबत नाहीत, ‘आत काय करू दिलं?’ तेही बघतात. हे मोजमाप बरोबर आहे.

माझी तक्रार दुसरी आहे. औषध टाकल्यावर ज्या पेशी जगल्या तेवढ्याच मी मोजल्या, तर कुठलंही औषध निरुपद्रवी दिसेल. माझे गाईड असा आलेख टेबलावरून परत करतील. पुस्तकात अंशाच्या जागी बाळू आहेत, छेदाची जागा कोरी. त्यांच्यासारखाच रोलर ओढणाऱ्या आणखी कुणी कधी चेंडू टाकला होता का?

आणि एक खूण तर गुहांच्याच पानांत आहे. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल, चौघेही एकाच घरातले. वडिलांची नोकरी लष्कराकडची, पोरं अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर शिकली. सगळी गुणवत्ता त्या एकाच घरात साठली होती असं कसं मानायचं? आत जायची फट त्या घरापाशी होती, एवढंच. स्कॉटचंही असंच: गाडी तो स्वतःच दुरुस्त करायचा आणि पिटमध्ये त्याची मुलं राबायची. गुहा हे नोंदवून पुढे जातात. मी तिथे थांबले असते.

अर्थात ज्यांची नावंच कुणी लिहिली नाहीत त्यांना शोधायचं कुठे, हा प्रश्न आहेच. पूना जिमखान्याचं त्या दशकातलं पगारपत्रक कुणाच्या माळ्यावर असेल, तर मला बघायचंय.